काका कम्बाइनवर चढले तो मंगळवार

१७ ऑक्टोबर २०२३. सकाळी दहाची व्हिजिट होती. अंगणात गाडी नेहमीसारखी तोंड रस्त्याकडे करून लावली. घरोघर जाऊन फिजिओथेरपी करणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, निघायची वेळ आली तर रिव्हर्स घेत बसायचं नाही. उतरून बघते तर वॉकर मशीन-शेडच्या भिंतीला टेकवलेला आणि माणूस कुठेच नाही. काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून नुसतं बोट दाखवलं. रस्त्यापलीकडच्या सोयाबीनमध्ये धुळीचा लोट हळूहळू सरकत होता.

रुग्णाचं नाव लिहिता येत नाही, म्हणून काका म्हणते. मनातल्या मनात तेव्हाही मी त्यांना काकाच म्हणत होते. वय ७१. पश्चिम ओहायोत सहाशे वीस एकर शेती, त्यातली निम्मी खंडाने. मका, सोयाबीन, थोडा गहू. ऑगस्टच्या शेवटी कम्बाइनची (आपल्याकडे हार्वेस्टर म्हणतात) सुगीपूर्वीची साफसफाई करताना शिडीवरून पाय घसरला आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. सांधा बदलला. दोन आठवडे पुनर्वसन केंद्रात काढून १३ सप्टेंबरला ते घरी आले आणि त्याच दिवशी मी त्यांच्या दारात उभी होते.

त्या भागात पहिल्यांदा काम मिळालं तेव्हा मला भीती वाटायची, हे आधीच सांगते. मैल न् मैल मका, मधेच एखादं चर्च, आणि दर चौथ्या-पाचव्या घरावर ट्रम्पचा झेंडा. काकांच्या अंगणात होता आणि शेजारी नोव्हेंबरच्या मतदानाची पाटी होती: 'इश्यू १ ला नाही म्हणा'. ओहायोच्या राज्यघटनेत गर्भपाताचा हक्क घालायचा की नाही, यावरचं ते मतदान. मागच्या दाराआड कोयोटींसाठी (तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी) शॉटगन. घरातल्या धोक्यांच्या यादीत मी तिची नोंद केली आणि ती कुलपात ठेवा म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर ठेवली. पण खुब्याच्या रुग्णाला खरा धोका सिंकसमोरच्या हातभर सतरंजीचा असतो, आणि ती काढायला काकू तीन व्हिजिट तयार नव्हत्या.

मी घरात शिरले की काका टीव्ही बंद करायचे. त्यांच्याकडे दिवसभर फॉक्स न्यूज चालू असायचं. आवाज कमी करणारे रुग्ण पुष्कळ भेटतात, बंद करणारे फार थोडे.

पहिल्या दिवशी दीड-दोन तास प्रश्नावलीतच जातात. मेडिकेअरची, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची, ती प्रश्नावली ज्याने रचली, त्याने कधी वेदनेत असलेल्या माणसासमोर बसून ती भरलेली नसणार असं माझं ठाम मत आहे. त्यात सगळ्यात महत्त्वाची अट 'होमबाउंड'ची. घरी येऊन उपचार हवे असतील तर माणूस खरोखर घरात अडकलेला पाहिजे. आधाराशिवाय किंवा दुसऱ्या कुणाशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि पडलंच तर अतोनात दमछाक होते, असं असलं तरच. डॉक्टरकडे जाता येतं, चर्चला जाता येतं, कधीमधी थोड्या वेळासाठी न्हाव्याकडे किंवा घरच्या कार्याला गेलं तरी चालतं. बाकी नाही.

"म्हणजे मी कुठे जायचं ते सरकार सांगणार?" काका म्हणाले.

"पैसे सरकार देतंय," मी म्हणाले.

"सरकार कुठलं देतंय? मी भरलेत. नोकरदार माणूस निम्मे भरतो, निम्मे त्याचा मालक. माझा मालक मीच. आता वर्षाला १५.३ टक्के, सोशल सिक्युरिटीचं पेन्शन आणि मेडिकेअर मिळून, आणि भरतोय पन्नास वर्षं." मग जरा थांबून म्हणाले, "पण नियम आहे ना? मग दाखव कुठे सही करायची."

ही सही मला नंतर फार आठवली.

मी सोयाबीनच्या घरातली आहे. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, औशाजवळ. हे कळल्यापासून व्यायामाचे सेट मोजता मोजता आमचं बोलणं बुशेल आणि क्विंटलवर जायला लागलं. बुशेल म्हणजे ६० पौंड, सव्वासत्तावीस किलो. भाव साडेबारा डॉलरच्या आसपास होता. मी हिशेब करून दाखवला की क्विंटलला चार हजार रुपयेसुद्धा होत नाहीत, आणि आमच्याकडे त्या हंगामाचा हमीभाव ४,६०० आहे. त्यांनी पेन्सिल घेऊन पुन्हा स्वतः हिशेब केला. "तुमचं सरकार भाव ठरवतं?" जाहीर करतं, मी म्हणाले, पण बाजारात तो मिळेलच असं नाही. "तेच," काका म्हणाले. "तेच मी म्हणतोय."

त्यांची मतं टीव्हीवरून आली असतील असं मी धरून चालले होते. काही आलीच होती, आणि ती मला ऐकवत नव्हती. सीमेवरून येणाऱ्या लोकांबद्दल ते जे शब्द वापरायचे ते कुठून आले ते कळायचं. पण मुळातलं मत शेतातून आलेलं होतं. १९७६ साली त्यांनी कार्टरना मत दिलं होतं, शेंगदाण्याचा शेतकरी म्हणून. १९८०च्या जानेवारीत कार्टरनी रशियाला धान्य विकायला बंदी घातली. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि शिक्षा झाली ओहायोतल्या मक्याला. त्याच वर्षाच्या अखेरीस बँकांचा मूळ व्याजदर साडेएकवीस टक्क्यांवर गेला. काकांनी नुकतंच ट्रॅक्टरसाठी कर्ज काढलं होतं. शेजारच्या दोन शेतांचे लिलाव त्यांनी उभं राहून पाहिले. रेगननी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बंदी उठवली. तेव्हापासून दुसऱ्या पक्षाला मत नाही.

मग २०१८ चं काय, मी विचारलं. नको होतं विचारायला, ऑफिसचा नियम आहे की रुग्णाशी राजकारण बोलायचं नाही. पण ट्रम्प यांच्या आयातशुल्काला उत्तर म्हणून चीनने अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं, भाव कोसळला, आणि मग सरकारनेच शेतकऱ्यांना भरपाई वाटली, बुशेलमागे १ डॉलर ६५ सेंट. ती घेतली का?

काका बराच वेळ पायाकडे बघत राहिले. घोटा खालीवर करण्याचा व्यायाम चालू होता. "घेतली," म्हणाले. "शेजारी म्हणाला तुझा हक्कच आहे. चेक बँकेत भरला. मला ते अजून आवडत नाही." आणि २०२० ला मत? "त्यांनाच. चीनशी कुणीतरी भिडायला हवंच होतं." मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. मी त्याच निवडणुकीत नागरिक म्हणून पहिल्यांदा मत दिलं, ते त्यांच्या विरुद्ध. पण आपण घेतलेल्या पैशाबद्दल इतकं उघड बोलणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

मी कशी आले, हेही त्यांनी विचारलं. शिक्षण, परवान्याची परीक्षा, व्हिसा, भारतीयांची ग्रीन कार्डाची वर्षानुवर्षांची रांग, नवऱ्याच्या कंपनीतून शेवटी लागलेला नंबर, सगळं सांगितलं. "म्हणजे तू दारातून आलीस," ते म्हणाले. मी म्हटलं, पलीकडच्या डेअरीत पहाटे तीनला दूध काढणारी मुलं कुठून आली? "माहितीये मला. ओळखतो त्यांना. चांगली पोरं आहेत, आपल्यापेक्षा जास्त राबतात." आणि तरी भिंत हवी? "तरी हवी." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच सुरात म्हटली.

आता शिडीबद्दल लिहिते, कारण त्या कामाचा मला अभिमान आहे.

खुब्याच्या रुग्णाची उद्दिष्टं आम्ही बहुतेक वेळा साच्यातून काढतो: वॉकरने दीडशे फूट चालणं, तीन पायऱ्या, शौचालयात स्वतः बसणं-उठणं. काकांना विचारलं तुम्हाला काय करायचंय, तर एका शब्दात उत्तर आलं. दुसऱ्या आठवड्यात मी टेप घेऊन शेडमध्ये गेले आणि कम्बाइनची शिडी मोजली. पहिली पायरी जमिनीपासून १९ इंच. त्यांच्या ओसरीची पायरी ७ इंच. मधल्या बारा इंचांचं काय करायचं, हा खरा उपचार. त्यांचा मुलगा होंडाच्या इंजिन कारखान्यात नोकरी करून उरलेल्या वेळात शेती बघतो, त्याच्याकडून तीन लाकडी खोकी ठोकून घेतली: १०, १४ आणि १९ इंचांची. शेडच्या खांबाला दोन्ही बाजूंनी पाइप बसवले, शिडीच्या कठड्याला जितकं अंतर तितक्याच अंतरावर. खुब्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडियस, हाच सगळ्यात मागे राहतो. तो धरत नसला की एका पायावर उभं राहताना कंबर दुसऱ्या बाजूला खचते. म्हणून आधी कुशीवर झोपून पाय उचलायचा, मग टेबलाला धरून बाजूला चालायचं, मग १० इंच. वर जाताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. इथले थेरपिस्ट हे शिकवताना म्हणतात, चांगले स्वर्गात जातात, वाईट नरकात. काकांनी ते काकूंना म्हणून दाखवलं आणि दोघं हसले. उतरताना तोंड शिडीकडेच. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, कुठल्याही क्षणी तीन ठिकाणी पकड. ते ज्या दिवशी पडले तेव्हा तोंड बाहेर करून उतरत होते, एका हातात ग्रीसगन धरून.

१० ऑक्टोबरला सर्जनने बंधनं सैल केली. शुक्रवारी १३ तारखेला खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला त्यांना १९ सेकंद लागले. पहिल्या दिवशी ४१ लागले होते. १२ सेकंदांच्या वर म्हणजे पडण्याचा धोका, तेव्हा काम उरलेलं होतं. माझ्या अंदाजाने अजून सहा व्हिजिट.

आणि मंगळवारी हे.

मी बांधाला उभी राहिले. कम्बाइन माझ्यासमोर येऊन थांबलं, दार उघडलं आणि काका उतरले. तोंड शिडीकडे, हात, हात, उजवा पाय खाली, मग डावा. शेवटच्या १९ इंचांवर क्षणभर थांबले, श्वास घेतला आणि टेकले. मी टाळ्या वाजवल्या असत्या. मग त्यांनी मला वर बसायला सांगितलं, चालकाच्या शेजारच्या छोट्या सीटवर. पुन्हा चढले, आता डावा पाय आधी.

केबिनमध्ये बाहेरची धूळ अजिबात जाणवत नाही. स्क्रीनवर एकरी उतारा चालू असतो, ५८ बुशेल, म्हणजे पावणेसोळा क्विंटल. ओलावा १२.८. आमच्याकडे एकरी आठ-दहा निघालं तरी दादा खूश असतात, आणि त्या वर्षी अख्खा ऑगस्ट कोरडा गेला होता. मी ते आकडे बघत होते तेवढ्यात काका म्हणाले, "शनिवारपासून चालवतोय. काल नऊ तास. तेव्हा मी आता होमबाउंड नाही. लिही तुझ्या त्याच्यावर."

मी म्हणाले, थांबा. हे शेत तुमचंच आहे. घरापासून रस्ता ओलांडला की शेत. अजून सहा वेळा मला येऊ द्या, तो बाजूचा स्नायू धरू दे. मी असं लिहीन की स्वतःच्या आवारात थोडा वेळ, कुटुंबाच्या मदतीने...

"नऊ तास," काका म्हणाले.

गावातल्या क्लिनिकमध्ये जाल का, मी विचारलं. तिथे होमबाउंडची अट नाही. ते २८ मैलांवर होतं आणि दोनच वेळा मोकळ्या होत्या, दोन्ही भर दुपारच्या. सुगीत ते तिथे जाणार नाहीत हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. शेजाऱ्यांनी आधीच विचारलं होतं, चार कम्बाइन घेऊन येतो, दोन दिवसांत सगळं काढून देतो. आमच्याकडे याला इर्जिक म्हणायचे. काकांनी मक्यासाठी हो म्हटलं होतं. चर्चच्या बायका पाच आठवडे जेवण पाठवत होत्या, ते घेतलं होतं. माणसाने माणसाकडून घ्यावं, सरकारकडून शेवटी, हे ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. मी वाद घालायचे की ज्याला शेजारी नाहीत त्याने काय करायचं. याचं उत्तर त्यांनी मला कधी दिलं नाही.

"तुमचेच पैसे आहेत," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणालात, पन्नास वर्षं भरलेत."

"मेडिकेअर मी भरलंय. खोटं बोलून मिळणारी व्हिजिट भरलेली नाही. या नियमाला अक्कल नाही, मान्य. पण मी सही केलीये. आयुष्यभर ज्या लोकांना मी नावं ठेवली, आता त्यांच्यातलाच होऊ?"

मी खाली उतरून गाडीत बसले आणि ऑफिसला फोन लावला. इथे मला आपल्या व्यवस्थेबद्दल बोललंच पाहिजे. २०२० पासून मेडिकेअर एजन्सीला तीस दिवसांच्या हप्त्याने पैसे देतं. हप्त्यात ठरावीक संख्येहून कमी व्हिजिट झाल्या तर पूर्ण रक्कम मिळत नाही, फक्त झालेल्या व्हिजिटचे सुटे पैसे मिळतात. काकांचा दुसरा हप्ता १३ तारखेला सुरू झालेला, त्यात एकच व्हिजिट झालेली. आमच्या मॅनेजरने स्क्रीनवर आकडा बघितला असणार, कारण पुढचं वाक्य लगेच आलं: "शेत त्यांच्याच मालकीचं आहे ना? मग 'स्वतःच्या आवारात' असं लिही आणि अजून दोन कर."

माझेच शब्द. दहा मिनिटांपूर्वी केबिनमध्ये मी जे म्हणाले होते, तेच. मला काकांचा खुबा वाचवायचा होता आणि तिला हप्ता. पण रकान्यात जे उतरलं असतं ते एकच होतं, आणि वाचणाऱ्याला आमच्या दोघींमधला फरक कधीच कळला नसता. कपाळाला घाम आलेला मला आठवतो, काचा बंद करून बसले होते.

मी लिहिलं: रुग्ण शनिवारपासून सलग कित्येक तास कम्बाइन चालवतो, होमबाउंडच्या अटीत बसत नाही. सेवा बंद होत असल्याची नोटीस घेऊन पुन्हा शेतात गेले. हिच्यावर अपील करता येतं, हे समजावून सांगितलं. ते मला सांगावंच लागतं. काकांनी गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. घरच्या व्यायामांचे दोन कागद दिले, चित्रांसकट, आणि कुशीवरचा व्यायाम लाल पेनाने अधोरेखित केला. काकूंना शेडमधली खोकी मोडू नका म्हणून सांगितलं.

निघताना काकांनी हात पुढे केला. "तू चांगलं काम केलंस. सहा आठवड्यांत मी शिडीवर आहे." मी म्हणाले, रोज वीस वेळा, दोन्ही कुशींवर, विसरू नका. ते हो म्हणाले. हे हो मी ओळखते.

मॅनेजर दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. सहकाऱ्यांमधल्या एकीने सांगितलं, तू वेडी आहेस, मी असं सर्रास लिहिते आणि माझे रुग्ण चालतात. तिचे रुग्ण चालतात हे खरं आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. एक मात्र मला सलतं. मी स्वतःला गरजवंताच्या बाजूची समजते. सरकारने म्हाताऱ्यांवर जास्त खर्च करावा असं मत देते. आणि तो खर्च ज्या नियमावर उभा आहे तो वाकवायची वेळ आली तेव्हा मी एका मिनिटात तयार झाले, आणि त्याला घट्ट धरून बसला तो ज्याला सरकारच कमी हवं तो. नियम मोडला नाही म्हणून मी बरोबर ठरते का? सहा व्हिजिटचं काम अर्धवट सोडून?

७ नोव्हेंबरला इश्यू १ मंजूर झालं, जवळपास ५७ टक्क्यांनी. त्यांच्या काउंटीत 'नाही' जिंकलं. मी 'हो' म्हटलं होतं. ती पाटी पाच आठवडे रोज बघूनही मी त्यांना हे सांगितलं नाही, आणि त्यांनी स्वतःचं सगळं उघड केलं असताना मी गप्प राहिले याचं मला वाईट वाटतं.

केस बंद झाली की रुग्णाची फाइल उघडायचा हक्क आम्हाला राहत नाही. काय झालं पुढे, हे फोन करून विचारायचीही पद्धत नाही. पुढच्या मार्चमध्ये त्याच रस्त्यावर, तीन मैल पुढे, नवीन रुग्ण मिळाली. काकांच्या घरासमोर आले तेव्हा ते शेडकडून घराकडे चालले होते, हातात बादली, काठी नाही. मी गाडीचा वेग कमी केला. उजवा पाय टेकला की अख्खं धड उजवीकडे झुकत होतं, खांदा अदबीने वाकावा तसा खाली जाऊन परत सरळ. एक, दोन, तीन, मी ओसरीपर्यंत अकरा मोजली. अकराही पावलं तशीच. ओसरीच्या पायरीशी ते थांबले, बादली डाव्या हातात घेतली, उजव्याने कठडा धरला आणि डावा पाय आधी वर ठेवला.